कंपनीचा सातबारा पाहिला का?



कापसाचा चुकारा हातात पडला की त्याला किती वाटा फुटतात, हे तुम्हांला सांगायला नको. कृषी केंद्राची उधारी असते, सोसायटीचे कर्ज असते, विहिरीवरची मोटार भरून घ्यायची असते, पोरीचे लग्न पुढच्या उन्हाळ्यावर आलेले असते. एवढे सगळे भागवून चाळीस-पन्नास हजार रुपये उरलेच, तर ते कुठे ठेवावे असा प्रश्न घरात निघतो. आणि नेमका त्याच सुमारास कोणीतरी पाहुणा येतो.

समजा, गुरुवारचा दिवस आहे. तुम्ही घरच्यांना घेऊन शेगावला आला आहात. दर्शन झाले, गाडीला अजून वेळ आहे, म्हणून स्टेशनाजवळ गरम कचोरी खायला थांबलात. तिथे नात्यातला एक भाचा भेटतो. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात चामडी बॅग. विचारपूस होते, चहा होतो, आणि मग तो हळूच म्हणतो, "मामा, तुमाले अमळनेरची गोष्ट ठाऊक नाई का? तिथल्या लोकायनं शेअर घेऊन ठेवले, आज नातवंडं बसून खातात. आपल्याकडं तसाच मोका आला आहे."

बॅगेतून रंगीत पुस्तिका निघते. जाड कागदाचे, सोनेरी काठाचे प्रमाणपत्र निघते. "कंपनी लिमिटेड आहे मामा, सरकारात रजिस्टर आहे. आज शेअर दहा रुपयाला. दोन वर्षांत बाजारात आला की शंभराचा होते. पण चार दिवसांत इशू बंद होणार."

आता तुम्ही काय कराल? भाचा परका नाही, तो खोटे बोलतो असेही नाही. बहुतेक वेळा त्यालाही कोणीतरी तेच सांगितलेले असते. पण शेत घेताना सख्खा भाऊ विकत असला तरी आपण सातबारा पाहतोच ना? मग कंपनीचा भाग घेताना तिचा सातबारा का पाहू नये? कंपनीलाही सातबारा असतो. तो कसा वाचायचा, एवढेच आज सांगायचे आहे.

अमळनेरची गोष्ट खरी, पण अर्धी

आधी भाच्याच्या गोष्टीकडे पाहू. शेगावहून रेल्वेने भुसावळ, पुढे जळगाव आणि तिथून सुरतेच्या मार्गावर अमळनेर लागते. साने गुरुजी जिथे शिक्षक होते, तेच हे अमळनेर. या गावात २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी काढली. तेलापासून वनस्पती तूप करायचे आणि त्याच धंद्यात कपडे धुण्याचा '७८७' साबण काढायचा, असे तिचे काम होते. १९६६ साली वडील वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून अमेरिकेहून परतले. पुढे कंपनी संगणकाच्या धंद्यात शिरली, नाव विप्रो झाले, आणि अमळनेरातल्या ज्या कुटुंबांनी जुने शेअर जपून ठेवले होते त्यांच्या शेअरची किंमत कुठल्या कुठे गेली. ही गोष्ट खरी आहे.

पण भाचा त्यातली अर्धीच सांगतो. अमळनेरची ती कंपनी सुरुवातीपासून लोकांसाठी खुली होती आणि तिचे शेअर बाजारात नोंदलेले होते. म्हणजे तिचा जमाखर्च दरवर्षी लोकांसमोर येत होता, तिच्या शेअरला रोजचा भाव होता, आणि ज्याला नको त्याला तो शेअर विकता येत होता. कोणाला पोरीच्या लग्नाला पैसे लागले, त्याने विकले. कोणाला नाही लागले, त्याने ठेवले. विकण्याचा दरवाजा उघडा होता, म्हणून ठेवण्याला अर्थ होता.

भाच्याच्या बॅगेतल्या कंपनीला तो दरवाजा आहे का? खरा प्रश्न हा आहे.

'लिमिटेड' या शब्दाचा अर्थ

पुष्कळांची समजूत अशी, की नावापुढे 'लिमिटेड' किंवा 'मर्यादित' असले म्हणजे सरकारने हमी घेतली. हे खरे नाही. मर्यादित म्हणजे जबाबदारी मर्यादित. कंपनी बुडाली तर भागधारकाने जेवढ्या रकमेचा भाग घेतला तेवढीच त्याची जबाबदारी, देणेकऱ्यांनी त्याच्या घरावर येऊ नये, असा त्याचा अर्थ. तुमचे पैसे परत मिळतील असे त्या शब्दात कुठेही नाही. आणि 'सरकारात रजिस्टर' म्हणाल तर प्रत्येक कंपनी रजिस्टर असतेच. जन्माचा दाखला असला म्हणून पोरगा कर्तबगार निघेल असे थोडेच आहे?

कंपन्या ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या समजाव्यात.

पहिली खाजगी कंपनी. तिच्या नावात 'प्रायव्हेट लिमिटेड' असे असते. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तिला कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त २०० सभासद ठेवता येतात. आपला शेअर घ्या असे आवाहन तिला जनतेला करता येत नाही, आणि तिचा शेअर एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यावर बंधन असते. खाजगी म्हणजे वाईट असे मुळीच नाही. बी. आर. बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात उभी केलेली महिको तुम्हांला बियाण्याच्या पिशवीवरून ठाऊक आहे, आणि पारलेचा बिस्किटपुडा तर वावरातल्या चहाबरोबरही असतो. दोन्ही खाजगी कंपन्या आहेत. माल घरोघरी जातो, पण त्यांचा शेअर तुम्हां-आम्हांला बाजारात मिळत नाही.

दुसरी सार्वजनिक कंपनी, पण बाजारात न नोंदलेली. तिच्या नावात 'प्रायव्हेट' हा शब्द नसतो, नुसते 'लिमिटेड' असते. इथेच माणूस चकतो. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे अकोल्याचे महाबीज, अर्थात महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ. १९७६ साली ते स्थापन झाले. त्यात राज्य सरकारचा भाग आहे, राष्ट्रीय बियाणे महामंडळाचा आहे, आणि बीजोत्पादक शेतकऱ्यांचाही आहे. कंपनी चांगली, काम चांगले. पण तिचा शेअर शेअरबाजारात रोज विकला जात नाही. ज्याने बीजोत्पादनासाठी शेअर घेतला त्याने तो धंद्याचा भाग म्हणून घेतला, भाव वाढेल म्हणून नव्हे.

तिसरी बाजारात नोंदलेली सार्वजनिक कंपनी. शेजारच्या खामगावात जिचा साबणाचा कारखाना आहे ती हिंदुस्थान युनिलिव्हर या तऱ्हेची. विप्रोही याच तऱ्हेची. १८७५ साली सुरू झालेला मुंबईचा शेअरबाजार, म्हणजे बीएसई, आणि त्याच्या जोडीला आलेला राष्ट्रीय शेअरबाजार, म्हणजे एनएसई, या दोन मोठ्या बाजारांत अशा कंपन्यांचे शेअर घेतले-विकले जातात. दर तीन महिन्यांनी त्यांना आपला हिशेब जाहीर करावा लागतो. त्यांच्यावर देखरेख ठेवायला सेबी हे मंडळ आहे.

तेव्हा 'कंपनी लिमिटेड आहे' हे उत्तर पुरेसे नाही. या तिघींपैकी कोणती, हे विचारायचे.

सहाराची कहाणी

हा फरक न कळल्यामुळे काय होते, हे सहारा प्रकरणात अवघ्या देशाने पाहिले. सहारा समूहाच्या दोन कंपन्या होत्या. एक सहारा इंडिया रिअल इस्टेट कॉर्पोरेशन लिमिटेड, दुसरी सहारा हाऊसिंग इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड. दोन्ही नावांत 'लिमिटेड' होते, 'प्रायव्हेट' नव्हते. बाजारात मात्र दोन्हीही नोंदलेल्या नव्हत्या. २००८ पासून त्यांनी एका तऱ्हेचे कर्जरोखे विकून गावोगावच्या एजंटांमार्फत पैसे गोळा केले. रक्कम २४ हजार कोटींच्या वर गेली आणि गुंतवणूकदारांची संख्या सुमारे तीन कोटी सांगितली गेली.

सेबीने विचारले, एवढ्या लोकांकडून पैसे घेता, तर बाजारात नोंद का केली नाही? कंपन्यांचे म्हणणे असे, की हा आमच्या परिवारातल्या माणसांशी खाजगी व्यवहार आहे, सेबीचा येथे संबंध नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती जे. एस. खेहर यांनी निकाल दिला. त्या वेळच्या कायद्यात पन्नासाची रेषा होती. पन्नास किंवा त्याहून जास्त लोकांना देऊ केले की तो व्यवहार खाजगी राहत नाही, तो जनतेशी केलेला व्यवहार होतो, आणि मग बाजारात नोंद करावीच लागते. कोट्यवधी लोकांकडून पैसे घेऊन त्याला खाजगी म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि पैसे १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितले.

निकाल गुंतवणूकदारांच्या बाजूने लागला. पण पैसे हातात पडले का? सेबीकडे परताव्यासाठी वीस हजारांच्या आतच अर्ज आले आणि २०२२ पर्यंत सेबीमार्फत परत गेलेली रक्कम सुमारे १३८ कोटी होती. कुठे २४ हजार कोटी आणि कुठे १३८! न्यायालयाचा निकाल म्हणजे घरी आलेला पैसा नव्हे. म्हणून वरातीमागून घोडे नाचवण्यापेक्षा आधीच पाहिलेले बरे.

आपल्या शेतकऱ्यांना जवळचे वाटेल असे दुसरे प्रकरण पीएसीएल या कंपनीचे. ती शेतजमिनीच्या नावाने हप्ते घेत असे. जमीन कुठली, गट नंबर कोणता, हे हप्ते भरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी पाहिलेच नाही. २०१४ साली सेबीने तिला ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांची समिती नेमली गेली आणि तिने लहान रकमांपासून टप्प्याटप्प्याने परतफेड सुरू केली. ज्या माणसाने आयुष्यभर सातबारा पाहिल्याशिवाय बांधावर पाय ठेवला नाही, त्यानेही इथे कागद पाहिला नाही. का? तर सांगणारा ओळखीचा होता.

एकवीस अक्षरांचा सातबारा

आता मुद्द्यावर येऊ. प्रत्येक कंपनीला सरकारने एकवीस अक्षर-आकड्यांचा एक ओळख क्रमांक दिलेला असतो. त्याला सीआयएन म्हणतात. कंपनीने आपल्या पत्रांवर, बिलांवर आणि सूचनांवर तो छापलाच पाहिजे असा कायदा आहे. पुस्तिका गुळगुळीत असेल, पण हा क्रमांक तिच्यावर कुठेच नसेल, तर तिथेच थांबावे.

विप्रोचा क्रमांक घेऊन पाहू: एल ३२१०२ केए १९४५ पीएलसी ०२०८००.

पहिले अक्षर एल. इंग्रजी एल म्हणजे कंपनी बाजारात नोंदलेली. तिथे इंग्रजी यू असता, तर नोंदलेली नाही. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका अक्षरात आहे.

पुढचे पाच आकडे धंदा कोणता ते सांगतात.

त्यानंतरची दोन अक्षरे राज्य सांगतात. विप्रोचे नोंदणी कार्यालय आता बंगळुरूला आहे म्हणून कर्नाटकाचे केए. महाराष्ट्र असता तर एमएच आले असते.

मग चार आकडे स्थापनेच्या सालाचे. पाहा, अमळनेरचे १९४५ साल अजून त्या क्रमांकात बसले आहे! भाचा 'वीस वर्षांची जुनी कंपनी' म्हणत असेल आणि क्रमांकात दोन वर्षांपूर्वीचे साल असेल, तर समजून घ्या.

मग तीन अक्षरे. पीएलसी म्हणजे सार्वजनिक, पीटीसी म्हणजे खाजगी. शेवटचे सहा आकडे नोंदणीचा अनुक्रमांक.

म्हणजे सुरुवातीला एल आणि पुढे पीएलसी असेल, तर कंपनी बाजारात नोंदलेली. यू आणि पीएलसी असेल, तर सार्वजनिक पण न नोंदलेली. यू आणि पीटीसी असेल, तर खाजगी. सहावी-सातवीतल्या मुलालाही हे वाचता येईल. पोरांना शिकवा, ती घरच्या प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर शोधत बसतील.

पण कागदावर छापलेला क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा उचललेला नाही कशावरून? म्हणून तो पडताळावा. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंद पाहता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सांगा, नाहीतर गावातल्या सेवा केंद्रात जा. तिथे कंपनीचे नाव, पत्ता, स्थापनेची तारीख, भांडवल, ती नोंदलेली आहे की नाही आणि चालू आहे की नोंदवहीतून काढून टाकली आहे, हे कळते. सातबाऱ्यावर इतर हक्कांत बँकेचा बोजा दिसतो ना, तसा कंपनीवरचा कर्जाचा बोजाही तिथे नोंदलेला असतो. नाव, पत्ता आणि क्रमांक तिन्ही जुळले पाहिजेत. एका जरी अक्षराचा फरक असला तर ती दुसरीच कंपनी समजावी. मोठ्या घराण्याचे आडनाव लावून धाकट्या कंपन्या काढण्याची युक्ती जुनी आहे.

आणखी चार खुणा

पहिली खूण बाजाराची. कंपनी नोंदलेली असेल तर बीएसई किंवा एनएसईच्या यादीत तिचे नाव सापडलेच पाहिजे. बीएसईवर प्रत्येक कंपनीला सहा आकडी क्रमांक असतो. विप्रोचा ५०७६८५ आहे. 'बाजारात आहे, पण यादीत अजून चढली नाही' असे काही नसते. यादीत नाही म्हणजे बाजारात नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. शेअरला आयएसआयएन नावाचा बारा अक्षरी क्रमांक असतो, तो दाखवून कोणी 'बघा, बाजाराचा नंबर' म्हणेल. तो न नोंदलेल्या कंपनीच्या शेअरलाही मिळतो. त्यावरून बाजारातली नोंद सिद्ध होत नाही.

दुसरी खूण कागदाची. नोंदलेल्या कंपनीचा कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर विकून करता येत नाही. शेअर डिमॅट खात्यात येतात, बँकेच्या खात्यात रक्कम येते तसे. न नोंदलेल्या सार्वजनिक कंपनीलाही २ ऑक्टोबर २०१८ पासून नवे शेअर डिमॅटमध्येच द्यावे लागतात. तेव्हा भाच्याचे सोनेरी काठाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावायला छान, पण लिमिटेड कंपनीचा नवा शेअर तसा येत नाही.

तिसरी खूण पैशाची. नोंदलेल्या कंपनीचा शेअर सेबीकडे नोंद असलेल्या दलालामार्फतच घेतला जातो. नवीन शेअरविक्री असेल तर रक्कम तुमच्याच बँक खात्यात अडवून ठेवली जाते आणि शेअर मिळाले तरच ती जाते. रोख रक्कम कोणाच्या हातात द्यावी लागत नाही. कोणाच्या खाजगी खात्यावर किंवा मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवा असे कोणी म्हटले, तर तो व्यवहार शेअरचा नव्हे.

चौथी खूण माणसाची, आणि ही नीट लक्षात घ्या. बाजारात न जाता निवडक माणसांना शेअर देण्याची मुभा कायद्यात आहे. पण ती वर्षाला २०० माणसांपुरती, प्रत्येकाच्या नावाने पत्र देऊन आणि पैसे बँकेतूनच घेऊन. त्यासाठी जाहिरात करता येत नाही आणि लोकांत जाऊन सांगायला एजंट नेमता येत नाहीत. म्हणजे न नोंदलेल्या कंपनीचा शेअर घ्या म्हणून एजंट कचोरीच्या दुकानात लोकांना पुस्तिका वाटत असेल, तर त्याचे तिथे असणे हीच कायद्याविरुद्धची गोष्ट आहे. पुढचे काही वाचायची गरजच नाही.

पतसंस्था आणि शेतकऱ्यांची कंपनी

आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी आणखी वेगळ्या ओळखायला हव्यात.

एक, सहकारी संस्था. पतसंस्था, साखर कारखाना, सूतगिरणी यांच्या पाटीवरही 'मर्यादित' असते. पण त्या कंपन्या नव्हेत. त्या सहकार कायद्याखाली येतात, त्यांना सीआयएन नसतो आणि त्यांचा शेअर बाजारात विकला जात नाही. शिवाय बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. पतसंस्था वाईट असे म्हणणे नाही. तिचा ताळेबंद आणि लेखापरीक्षणाचा वर्ग पाहून मगच ठेव ठेवावी.

दोन, शेतकरी उत्पादक कंपनी. २००२ सालच्या कायदादुरुस्तीने हा प्रकार आला. तिच्या नावात 'प्रोड्यूसर कंपनी' असे शब्द असतात, सभासद फक्त उत्पादक असतात आणि ती काढायला कमीत कमी दहा उत्पादक लागतात. तिच्या क्रमांकात यू आणि पीटीसी दिसले तर दचकू नका, कायद्याने तसेच ठरवले आहे. तिचा शेअर सभासदांतच आणि संचालक मंडळाच्या संमतीने, दर्शनी किमतीलाच फिरतो. सोयाबीन एकत्र विकावे, तुरीची डाळ करावी, खते-बियाणे स्वस्त मिळावीत, यासाठी हजार रुपयांचा शेअर घेतला तर योग्यच. पण 'आपल्या उत्पादक कंपनीचा शेअर बाजारात जाऊन दसपट होणार' असे कोणी म्हणाले, तर त्याला कायदा माहीत नाही किंवा तुम्हांला माहीत नसेल असे तो धरून चालला आहे.

नोंदली म्हणजे सोन्याची नव्हे

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग बाजारात नोंदलेली कंपनी पाहून डोळे मिटून पैसे टाकावेत. तसेही करू नका. हैदराबादची सत्यम ही नावाजलेली, बाजारात नोंदलेली कंपनी. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच कबूल केले, की हिशेब वर्षानुवर्षे फुगवलेले होते. त्या एका दिवसात शेअरचा भाव पाऊणपटीहून जास्त खाली आला. आणि खोटेपणा नसतानाही भाव पडतो. आयुर्विमा महामंडळाचा शेअर मे २०२२ मध्ये ९४९ रुपयांना दिला गेला, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट होती. बाजारात आल्याच्या पहिल्याच दिवशी तो सवलतीच्या किमतीच्याही खाली बंद झाला. महामंडळ काही बुडाले नव्हते. बाजार म्हटला की चढउतार आलाच, तुरीच्या भावाचा अनुभव आपल्याला आहेच.

मग नोंदलेल्या कंपनीचा फायदा काय? फायदा एवढाच, की हिशेब उघडा असतो आणि बाहेर पडायचा रस्ता असतो. भाव पडेल, पण कोणता भाव आहे हे कळते, आणि त्या भावाला का होईना, विकता येते. न नोंदलेल्या कंपनीत शेअरची किंमत कंपनीचा माणूस सांगेल ती, आणि विकायचा म्हटले तर गिऱ्हाईक तुम्हीच शोधायचे.

म्हणून खते-बियाण्याचा पैसा, दवाखान्याचा पैसा आणि दोन वर्षांत लागणारा लग्नाचा पैसा शेअरमध्ये, मग तो कोणताही असो, घालू नये. आणि कर्ज काढून तर मुळीच नाही.

पैसे गेलेच असतील तर

कोणाचे पैसे आधीच अडकले असतील तर लाजून गप्प बसू नये. पावत्या, प्रमाणपत्रे, पासबुकाची नोंद, एजंटाचे निरोप, सगळे एका पिशवीत जपून ठेवा. 'जुने कागद द्या, नवे देतो' असे कोणी म्हणाले तरी मूळ कागद हातचे सोडू नका. परतफेडीच्या वेळी मूळ कागद आणि आधार-बँकेतले जुळणारे नाव यांवरच पुष्कळांचे अडले आहे. शेअरबद्दलची चौकशी सेबीच्या बिनपैशाच्या दूरध्वनीवर करता येते, क्रमांक १८०० २२ ७५७५ किंवा १८०० २६६ ७५७५. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर तक्रार देता येते. ठेवी बुडवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्याखाली पोलिसांत फिर्याद नोंदवता येते. एकट्याने जाण्यापेक्षा गावातले चार जण मिळून जा.

आणि कोणाच्या आजोबांच्या पेटीत खरोखर जुना कागदी शेअर सापडला, तर तो रद्दी समजू नका. कंपनीचे नाव शोधा. ती आज चालू असेल आणि वारसाचे कागद नीट असतील, तर तो डिमॅटमध्ये करून घेता येतो. सात वर्षे लाभांश कोणी उचलला नसेल तर तो शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत गेलेला असतो, तिथूनही हक्क सांगून परत मिळवता येतो. अमळनेरसारखे नशीब एखाद्या पेटीत असूही शकेल.

घरातल्या मायबहिणींना एक विनंती. अशा व्यवहारात पुरुषमाणसे पुष्कळदा घरी न विचारता शब्द देऊन येतात, आणि मग शब्द मोडायचा कसा म्हणून पैसे देतात. 'घरी विचारून सांगतो' हे वाक्य त्यांना शिकवा. एक रात्र मध्ये गेली की निम्मी घाई उतरते.

आता पुन्हा शेगावच्या स्टेशनाजवळ येऊ. भाचा समोर बसला आहे, कचोरी संपत आली आहे, गाडी येण्याची घोषणा झाली आहे. त्याला दुखवू नका. एवढेच म्हणा, "बाबू, कागदावर कंपनीचा एकवीस अक्षरी नंबर कुठं हाये तेवढा दाखव. आम्ही घरी जाऊन पाहतो, मग बोलू." नंबर असेल तर लिहून घ्या. नसेल तर चहाचे पैसे तुम्ही द्या आणि गाडीत बसा. आणि भाच्यालाही सांगा, "तू सोता पैसे टाकले असशील, तर तूही पाहून घे." कदाचित त्या एका वाक्याने त्याचेही घर वाचेल.